आवाज येतो, शब्द कळत नाही

‘आवाज येतो रे, पण शब्द कळत नाही,’ असं घरातलं म्हातारं माणूस म्हणतं आणि आपण आणखी ओरडून बोलतो. त्याचं म्हणणं अगदी खरं असतं. वाढत्या वयात आधी वरच्या पट्टीचे आवाज हरवतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. कानाच्या आतल्या शंखातल्या केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. चष्मा लागला तर आपण चारचौघांत सांगतो, कानाचं यंत्र मात्र केसांआड लपवतो. हा संकोच फार महागात पडतो, म्हणून हा अंक श्रवणावर.

कानाच्या तपासणीची धास्ती जावी यासाठी सुरुवात तपासणीच्या आवाजबंद खोलीतूनच केली आहे. कानांवर हेडफोन, हातात बटण. अगदी बारीक ‘टूं’ ऐकू आलं तरी दाबायचं. त्यातून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचा आलेख तयार होतो. तान्ह्या बाळाची चाचणी तर ते झोपेत असतानाच होते. ती पहिल्या महिन्यातच करून घ्यावी, असं आम्ही आग्रहाने सांगतो. मोठ्या आवाजात तासन्‌तास वावरणाऱ्या ढोलपथकांतल्या मुलामुलींच्या कानांविषयीही लिहिलं आहे.

तुमच्या घरी कुणाला कमी ऐकू येतंय हे कुणाच्या, कसं लक्षात आलं? यंत्र लावायला कोण तयार नव्हतं? आम्हाला जरूर लिहा.