रांग सोडताना

माझा नातू लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहितो. म्हणजे संगणकाला जोडलेलं उपकरण आणि लिनक्सचा गाभा असलेलं कर्नल, या दोघांची बोलणी घडवून आणणारा प्रोग्रॅम. परवा वैतागून म्हणाला, "आजी, एरवी सगळं नीट चालतं. पण मध्येच कुणी कंट्रोल-सी दाबलं की आकडे एकमेकांत मिसळतात."

निवृत्तीनंतर त्याच्याकडूनच मी थोडं सी शिकले. त्यामुळे निदान वाचता येतं. म्हटलं, दाखव बघू.

उपकरणाकडून आलेले आकडे साठवायची जागा एकच असते आणि तिला एका वेळी एकानेच हात लावायचा असतो. म्हणून तिला म्यूटेक्स नावाचं कुलूप घालतात. कुलूप दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर थांबायचं. या थांबण्याच्या तऱ्हा आहेत. 'म्यूटेक्स लॉक' म्हटलं, तर मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही, किल मायनस नाइनलाही दाद द्यायची नाही. 'म्यूटेक्स लॉक इंटरप्टिबल' म्हटलं, तर सिग्नल आल्यावर रांग सोडता येते. पण ही दुसरी तऱ्हा उत्तर देते. शून्य आलं तर कुलूप मिळालं, ऋण आकडा आला तर मिळालं नाही.

रेशनच्या रांगेत उभे असताना घरून निरोप आला, तर आपण पिशवी उचलून रिकाम्या हाताने घरी जातो. नंबर लागल्यासारखे दुकानात शिरून धान्य भरायला लागत नाही. नातवाचा प्रोग्रॅम नेमकं तेच करत होता. आलेलं उत्तर त्याने एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं आणि पुढच्याच ओळीत त्यावर दुसरं काहीतरी लिहिलं होतं. सिग्नल आला की कुलूप न मिळताच आत शिरायचं, दुसऱ्याच्या आकड्यांत आपले मिसळायचे आणि जाताना न घेतलेलं कुलूप उघडायचं! ज्याने लावलं त्यानेच उघडायचं, हा म्यूटेक्सचा पहिला नियम.

गंमत म्हणजे कर्नल लिहिणाऱ्यांना ही चूक ठाऊक होती. या फंक्शनचं उत्तर कुणी टाकूनच दिलं तर कंपायलर इशारा देतो. पण उत्तर नुसतं वहीत उतरवून घेतलं, वाचलं नाही, तर तो बिचारा गप्प बसतो. वर्गातही असे विद्यार्थी असायचेच.

बरं, रांग सोडल्यावर वरच्याला काय सांगायचं? काहीच काम झालेलं नसेल तर 'ईरीस्टार्टसिस' हा ऋण संकेत परत करावा. मग तेच काम पुन्हा सुरू करायचं, की व्यत्यय आल्याचं प्रोग्रॅमला कळवायचं, ते कर्नल ठरवतं. काही बाइट आधीच देऊन झाले असतील तर तेवढा आकडा सांगावा. आणि परत फिरवता न येणारं काही होऊन गेलं असेल तर 'ईइन्टर'. नाहीतर तेच काम दोनदा व्हायचं.

इथपर्यंत नातवाला पटलं. वाद झाला तो पुढे. त्याचं म्हणणं, अडवता येणारं कुलूप केव्हाही चांगलं, मग सगळीकडे तेच का नको? फाइल बंद होताना चालणाऱ्या 'रिलीज'मध्येही त्याने तेच घातलं होतं. माझं मत अगदी उलट. रिलीज एकदाच बोलावतात आणि त्याच्या उत्तराकडे कर्नल लक्ष देत नाही. तिथे रांग सोडून निघून गेलात, तर आवराआवर कायमची राहते. मेमरी अडकते, उपकरण कुणाच्या तरी नावावर चढलेलंच राहतं. आवरायला बसलेल्याने मध्येच उठू नये.

कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांचं 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' हे पुस्तक २००५ साली तिसऱ्या आवृत्तीत आलं. त्यातल्या पाइपच्या उदाहरणात उघडताना अडवता येणारं कुलूप आहे आणि बंद करताना साधं. तेव्हा म्यूटेक्स नव्हतं, सेमाफोर होतं. पण भेद हाच.

"आणि साधं कुलूप अडकून बसलं तर?" नातवाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. तसा प्रोग्रॅम मारताही येत नाही, कधी कधी मशीनच पुन्हा सुरू करावं लागतं. त्यावर २००८ साली मधला मार्ग आला, 'किलेबल'. प्राणघातक सिग्नलनेच उठायचं, इतरांनी नाही. पण त्याचंही उत्तर वाचावंच लागतं. माझ्या मते खरा उपाय वेगळा आहे. कुलूप हातात धरून उपकरणाची वाट पाहत बसू नये. आधी कुलूप सोडावं, मग वाट पाहावी, नंतर पुन्हा घ्यावं. कुलूप क्षणभरच धरायची शिस्त असली, तर साध्या कुलपाची भीती राहत नाही.

मुभा घेतली की तिच्यासोबत येणारी जबाबदारीही घ्यावी लागते. ती पेलायची तयारी नसेल, तर साधं कुलूप अधिक प्रामाणिक.

नातवाने उत्तर तपासणारी ओळ लगेच घातली. रिलीजमधली बदलायला मात्र अर्धा तास वाद घातला. बदलली पण!