२५ गुणांचे शिवार

पर्यावरण हा विषय भारतीय महाविद्यालयांत आला तो न्यायालयाच्या आदेशाने. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तसा निर्देश दिला. मात्र पदवीच्या वर्गापर्यंत तो पोहोचण्यास २००४ साल उजाडले. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी या विषयाचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी. व्यवसायाने ते शल्यचिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया शिकविणाऱ्या या प्राध्यापकाने १९९३ साली स्थापन झालेल्या भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेची धुरा सांभाळली आणि अरण्यांचा अभ्यास वर्गापर्यंत आणला.

आयोगाच्या त्या आराखड्यात ५० तासिका होत्या. त्यांपैकी ५ तासिका आणि १०० पैकी २५ गुण क्षेत्रभेटीसाठी राखलेले होते. नदी, टेकडी, तलाव प्रत्यक्ष पाहून नोंद करावी, हा त्यामागील हेतू. या विषयाचा प्राण तोच आहे. दुर्दैवाने तोच प्रथम गेला. अनेक ठिकाणी प्रकल्पवही म्हणजे मागील वर्षीच्या वहीची नक्कल ठरली. गुण मिळाले, शिवार मात्र अनोळखीच राहिले.

मराठवाड्याला ही चैन परवडणारी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आणलेले पाणी लातूरने प्यायले. नांदेड जिल्ह्यातील नायगावचा विद्यार्थी त्या संकटाचा शेजारी आहे. ओझोनच्या थराची व्याख्या त्यास पाठ असते; पण आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे त्यास कोणी विचारलेलेच नसते.

वस्तुतः निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या रचनेचा धडा त्याच्याच जिल्ह्यात आहे. कंधारचा जगत्तुंग सागर हा राष्ट्रकूटकालीन तलाव. भूमीचा उतार ओळखावा, पावसाचे पाणी अडवावे, ते जमिनीत मुरू द्यावे, हे शास्त्र आपल्या पूर्वजांनी दगडमातीत लिहून ठेवले. आजचे विद्यार्थी ते वाचू शकत नसतील, तर दोष त्यांचा नव्हे, शिकविणाऱ्यांचा आहे.

नायगावच्या प्राध्यापकांनी यंदा एवढेच करावे. एका पावसाळ्यात एका ओढ्याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा, भोवतालच्या विहिरींची पातळी नोंदवावी आणि ती वही ग्रामसभेपुढे ठेवावी. पालकांनीही मुलास गुण किती मिळाले, हे विचारण्याआधी त्याने काय पाहिले, हे विचारावे. राष्ट्रभक्तीचा आरंभ आपल्या गावचे पाणी ओळखण्यापासूनच होतो.