पंख्याची घरघर आणि आमचा तलफ्फुज

‘सर, पंखा नाही तर कॉम्प्युटर कसला?’

भंडाऱ्यातल्या एका दुकानदाराने मला हे ऐकवलं तेव्हा त्याच्या समोरच्या काचेच्या डब्यात सहा पंखे सात रंगांत फिरत होते. एका दहावीच्या मुलाचे वडील त्याच डब्याचा भाव करत होते. मुलाला त्यावर टायपिंग करायचं होतं, प्रकल्प करायचे होते, व्हिडिओ बघायचे होते. त्यासाठी सहा पंखे! मी मध्ये बोललो नाही. शिक्षकाने दुकानात तोंड उघडलं की लोकांना ते प्रवचन वाटतं. ते राहून गेलेलं प्रवचन इथे लिहितो आहे.

मी करडीत राहतो. उर्दू आणि मराठी शिकवतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर धडे वाचून, रेकॉर्ड करून मुलांच्या पालकांच्या फोनवर पाठवायला लागलो. आठवडाभराने एका आईने विचारलं, ‘सर, तुमच्या घरी चक्की आहे का?’ चक्की नव्हती, माझ्या कॅबिनेटचा पंखा होता. रोज कानावर पडत असल्याने मला तो ऐकूच येत नव्हता. माइकला मात्र येत होता.

नुसती घरघर असती तर मी सोडून दिलं असतं. पण मी जे शिकवतो ते उच्चारांचं आहे. उर्दूत काफ आणि क़ाफ, गाफ आणि ग़ैन, ‘ख’ आणि ख़े यांतला फरक मुलाच्या कानात बसवायचा असतो. मराठीतही ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळा, ‘जग’मधला ज आणि ‘जीव’मधला ज वेगळा, घरात उर्दू बोलणाऱ्या मुलाला हे कुणीतरी ऐकवल्याशिवाय कळत नाही. स, श, ख़, फ़ हे आवाज म्हणजे घर्षणाने निघणारी बारीक फुसफूस, आणि पंख्याचा आवाजही बराचसा तसलाच. नॉइज काढणारं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. त्याने पंखा पुसला आणि सोबत माझा ख़ेही पुसला. त्याला दोन्ही सारखेच वाटले. ‘ख़बर’ची ‘खबर’ झाली आणि मुलांनी इमानाने तेच पाठ केलं.

म्हणून शांत कॉम्प्युटर हा माझ्यासाठी श्रीमंती शौक नाही. तो फळा-खडूसारखा कामाचा प्रश्न आहे.

आता दुकानदाराच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो अगदीच खुळा नाही. ‘आपल्याकडे नवतपात पारा पंचेचाळीसवर जातो. तिकडे थंड देशात चालेल तुमचं बिनपंख्याचं.’ हे मी दहा जणांकडून ऐकलं आहे. पण पंखा काही हवा थंड करत नाही. तो खोलीतलीच हवा धातूच्या पात्यांवरून ढकलतो. चिप कितीही केलं तरी खोलीपेक्षा गारच राहणार नाही, पंखा असो वा नसो. प्रश्न इतकाच की ती खोलीपेक्षा किती वर जाते. दर वॅटमागे अमुक अंश, असा तो हिशेब आहे. साधा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक हवेच्या आपल्याआप होणाऱ्या वहनावर वॅटमागे तीन अंश चढत असेल, तर १० वॅटच्या चिपला ३० अंश चढतील. खोली ४२ अंशांवर धरली तर चिप ७२ वर. इंटेलच्या एन१०० या चिपची कमाल मर्यादा १०५ अंश आहे. म्हणजे मे महिन्यातही बरीच जागा उरते. उलट ६५ वॅटच्या चिपला भलामोठा, वॅटमागे एकच अंश चढणारा सिंक लावला तरी ४२ अधिक ६५ म्हणजे १०७. पंख्याशिवाय ती मरणारच.

दुकानदाराची चूक इथे आहे, आणि परदेशी व्हिडिओ पाहून बिनपंख्याच्या मागे लागणाऱ्यांचीही इथेच. दोघेही ‘गरम यंत्र गार कसं करायचं’ एवढाच विचार करतात. मुळात इतकं गरम यंत्र घरात आणलंच कशाला, हे कुणी विचारत नाही.

मला हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. आधी मी जुन्याच डेस्कटॉपचा पंखा काढला होता. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, तर आपल्या जिल्ह्याचं पितळ लावू या, अशी उमेद होती. भंगारातला दोनेक किलोचा पितळेचा ठोकळा घेतला, एक बाजू घासून सपाट केली, पेस्ट लावून चिपवर बसवला. हिवाळा होता. पहिली पंधरा-वीस मिनिटं तापमान हळूहळू चढत होतं आणि मी बायकोला बोलावून दाखवत होतो. मग मशीन बंद पडलं. पितळ उष्णता पीत होतं, सोडत नव्हतं. ठोकळा जड असल्याने तापायला वेळ लागला, एवढंच त्याचं कौतुक. उष्णता हवेत सोडायला पृष्ठभाग लागतो. पाती लागतात, ती उभी लागतात म्हणजे गरम हवा मधून वर निघून जाते, आणि ती एकमेकांपासून ऐसपैस लागतात. पंख्यासाठी बनवलेल्या सिंकची दाट पाती पंख्याशिवाय निकामी. शिवाय पितळ उष्णता वाहण्यात तांब्याच्या पाव-एक हिश्श्याचं आणि अ‍ॅल्युमिनियमच्याही मागे. वर मी ते चिंचेने घासून लखलखीत केलं होतं! चकचकीत धातू उष्णतेचं प्रारण फार कमी करतो, काळा मुलामा दिलेला अ‍ॅल्युमिनियम कितीतरी जास्त. ठोकळा आता आमच्याकडे दार अडवायला आहे.

पुढे एन१०० चिपचा छोटा बोर्ड घेतला, ज्यावर बनवणाऱ्यानेच पंख्याशिवायचा सिंक बसवलेला असतो. एसएसडी, म्हणजे फिरणारी डिस्कही गेली. वीजपुरवठ्याचा डबा आत न ठेवता लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर लावला. बायोसमध्ये चिपची मर्यादा १० वॅटवर बांधली. खोक्याला खाली-वर जाळी ठेवली आणि ते भिंतीपासून चार बोटं दूर उभं केलं. जुना मॉनिटर सोडून सगळं सतरा हजारांच्या आत झालं.

खोटं सांगणार नाही, त्यात उणिवा आहेत. मे महिन्याच्या दुपारी व्हिडिओ बनवायला घेतला की चिप स्वतःला आवरते आणि काम रेंगाळतं. मी ते सकाळी करतो. गरम हवेत बोर्डावरच्या कपॅसिटरचं आयुष्य घटतं, दर दहा अंशांना साधारण निम्मं, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. गेम खेळणाऱ्या पोराने याच्या वाटेला जाऊ नये. आणि पंखा गेल्यावर पहिल्याच रात्री अडॅप्टरची बारीक ‘चीं’ ऐकू आली. ती तिथे आधीपासून असणार. अडॅप्टर बदलला.

‘पण गुरुजी, उन्हाळ्यात घरात कूलर धडधडत असतो, त्यात कॉम्प्युटरचा आवाज कुणाला येतो?’ हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो. बरोबर आहे. पण कूलर चार महिने असतो आणि रेकॉर्डिंगपुरता बंद करता येतो. कॉम्प्युटरचा पंखा बंद करून रेकॉर्डिंग करता येत नाही. आणि धानाच्या मळणीच्या दिवसांत आमच्याकडे हवेत जो तूस-कोंडा उडतो तो पंखा ओढून आत नेतो. जुनं कॅबिनेट उघडलं तेव्हा सिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसला होता. ज्या पंख्याच्या भरवशावर उन्हाळा काढायचा, तोच पंखा स्वतःचा रस्ता बुजवतो.

घरचं सोडा, मला खरा राग शाळांच्या खरेदीचा आहे. १९८४ मध्ये केंद्राच्या ‘क्लास’ प्रकल्पात देशातल्या शाळांना जे बीबीसी मायक्रो दिले गेले, त्यांत पंखाच नव्हता. ते अर्थातच फार दुबळे होते. आज पाचेक वॅटवर त्यांच्या हजारो पट काम होतं, आणि तरी मी पाहिलेल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत दहा घरघरणारे डबे एका बंद खोलीत ठेवलेले आहेत. एकेक ८० वॅटचा धरा. म्हणजे ८०० वॅटची शेगडीच, मुलांच्या पायाशी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात हे आपल्याला ठाऊक असताना! हीच दहा यंत्रं १५ वॅटची घेतली तर १५० वॅटमध्ये खोली चालेल, लाइट गेली तर एका साध्या इन्व्हर्टरवर तास पूर्ण होईल.

आवाजाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवलं की वर्ग चालू असताना मागचा आवाज ३५ डेसिबलच्या पुढे नसावा. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. हे नियम आपल्याला फक्त भोंग्यांच्या वादात आठवतात. माझं म्हणणं, मशिदीच्या भोंग्याला लावा, मंदिराच्या लावा, डीजेला लावा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण मग शाळेच्या आतही एकदा कान द्या. त्याच खोलीत श्रवणयंत्र लावलेली एक मुलगी मागच्या बाकावर बसते. श्रवणयंत्र माझ्या आवाजाबरोबर दहा पंख्यांचा आवाजही वाढवून देतं. ती तासाला यंत्र काढून ठेवते आणि माझ्या ओठांकडे बघते. तिला क़ाफ कसा दाखवू?

यंदा नव्या संगणकांची मागणी लिहायची वेळ आली तेव्हा रॅम किती, डिस्क किती याच्या खाली मी एक ओळ जोडली: मॉनिटर वगळून वापर २० वॅटच्या आत, पंखा नसावा. कागद परत आला. त्या ओळीवर पेन्सिलने गोल करून कुणीतरी लिहिलं होतं, ‘पंखा का नको? खुलासा करावा.’ खुलासा म्हणून मी दोन रेकॉर्डिंग पाठवली आहेत, एक जुन्या डब्यावरचं आणि एक नव्यावरचं. दोन्हींत मी ‘ख़बर’ हा एकच शब्द तीनदा म्हटला आहे.