‘से’साठी तारीख नको, युक्तिवाद हवा

प्रचारसभेतल्या भाषणावरून अब्रुनुकसानीची खासगी फिर्याद दाखल होते आणि उमेदवाराच्या हाती बीएनएसएस कलम २२३ ची एकपानी नोटीस पडते. सोबत फिर्यादीची प्रत नाही, पडताळणी जबाब नाही, कोणत्या वाक्याने बदनामी झाली त्याचा पत्ता नाही. वकील प्रतींसाठी अर्ज देतात आणि रोजनाम्यावर ‘से’साठी पुढची तारीख चढते. काही ठिकाणी तर फिर्यादीचा जबाब नोंदवण्याआधीच नोटीस निघते. तालुका न्यायालयांतल्या वाचकांच्या पत्रांत हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे.

वास्तविक क्रमाबद्दल संभ्रम उरायला नको. बसनगौडा यत्नाळ विरुद्ध शिवानंद पाटील या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्येच तो सांगितला : आधी शपथेवरील जबाब, मग नोटीस, नोटिशीसोबत फिर्याद आणि जबाबांच्या प्रती, आणि सुनावणीनंतरच दखल. केरळ उच्च न्यायालयानेही आधी जबाब, मग नोटीस हेच मानले. आपल्या दंडाधिकाऱ्यांनीही हाच क्रम पाळला पाहिजे, आणि तसे परिपत्रक उच्च न्यायालय प्रशासनाने काढावे.

हा टप्पा किरकोळ नाही. अब्रुनुकसानीच्या बीएनएस कलम ३५६ ची कमाल शिक्षा दोन वर्षे, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) ची अपात्रताही दोन वर्षांच्या शिक्षेपासूनच सुरू होते. कोलारमधल्या २०१९ च्या प्रचारभाषणावरून सुरतच्या न्यायालयाने २०२३ मध्ये राहुल गांधींना नेमकी तेवढीच शिक्षा दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांची खासदारकी गेली. कमाल शिक्षेची कारणे निकालात नाहीत, हे दोषसिद्धीला स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले. राहुल गांधींच्याच भिवंडीतल्या २०१४ च्या प्रचारभाषणाच्या खटल्यात तर कागदपत्रे पुराव्यात घ्यायची की नाहीत, यावर मुंबई उच्च न्यायालयाला जुलै २०२४ मध्ये आदेश द्यावा लागला. तोवर लोकसभेच्या आणखी दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या.

पण वकील मित्रहो, या फिर्यादी लिहितो कोण? आपणच. ‘समाजात माझी बदनामी झाली’ एवढ्यावर मसुदा संपवू नका. भाषणातले शब्द जसेच्या तसे, तारीख आणि ठिकाणासह लिहा. क्लिप जोडायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र दोन्ही भागांसह जोडा. पक्षावर टीका झाली म्हणून कार्यकर्ता बीएनएसएस कलम २२२ ची ‘व्यथित व्यक्ती’ होतो का, हे अशिलाला आधीच विचारा. चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे बोलले गेले असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(४) आहे आणि निवडणूक याचिकेला निकालापासून ४५ दिवस आहेत. दुसऱ्या दिवशीच्या बातमीसाठी फिर्याद हवी असलेल्या अशिलाला नाही म्हणा.

आरोपीतर्फे उभे राहिलात, तर तारीख मागू नका. सार्वजनिक प्रश्नावरील वर्तनासंबंधीचे अपवाद पहिल्याच सुनावणीत मांडा. ते खटल्यातच पाहू, असे सांगितले गेले, तर इवेको मॅगिरसचा २०२३ चा निकाल पुढे ठेवा. प्रोसेस काढण्यापूर्वी अपवाद विचारात घेण्यास दंडाधिकाऱ्याला मनाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. २०२३ मध्ये संसदेने हा गुन्हा कायम ठेवला; त्याच वर्षी दखलेपूर्वीची ही सुनावणीही दिली. उमेदवाराचे बोलण्याचे स्वातंत्र्य आज याच सुनावणीत राखता येईल. ती वाया घालवू नका.