विमानतळ ते बॅलार्ड पिअर : शेवटचा दीड किलोमीटर

सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरवरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत मेट्रो ३ चा शेवटचा टप्पा उघडला आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपासून सीएसएमटी, हुतात्मा चौक, कफ परेडपर्यंत भुयारी गाडी धावू लागली. दोन्ही कामं सार्वजनिक, दोन्हींवर आपलाच पैसा लागलेला. तरीही ‘विमानातून उतरून जहाज पकडायचंय, कसं जाऊ?’ असं कुणी विचारलं, की उत्तर एकच मिळतं : ‘गाडी बुक करा.’

हे उत्तर मला पटत नाही. काही प्रवाशांसाठी ते बरोबर आहे, पण सगळ्यांसाठी नाही. आणि या एका उत्तरामुळे बाकीचे मार्ग सुधारायची गरजच कुणाला वाटत नाही.

मी घाटकोपरला राहतो. घाटकोपर म्हणजे ‘एअरपोर्टच्या जवळ’ आणि ‘मेन लाइनवर’, हे आमच्या साऱ्या खानदानाला पाठ आहे. त्यामुळे नागपूर असो की औरंगाबाद, कुणीही मुंबईमार्गे जाणार असलं की फोन आमच्याकडे येतो. पूर्वी हे फोन उमऱ्याला किंवा आखातात नोकरीला जाणाऱ्यांचे असत. हल्ली क्रूझचेही येतात. गोव्याला किंवा लक्षद्वीपला दोन-चार रात्रींची सफर, मुलांनी आईबापांना दिलेली भेट. समुद्र फक्त सिनेमात पाहिलेली माणसंही आता जहाजाचं तिकीट काढतात. चांगलंच आहे. अडचण आहे ती विमानतळ ते जहाज या मधल्या वीस-बावीस किलोमीटरची.

पहिली गोष्ट, जायचं कुठे हे तिकिटावर नीट वाचा. मुंबईत ‘जहाजाचा धक्का’ म्हटलं तर टॅक्सीवाला तुम्हाला तीन ठिकाणी नेऊ शकतो. गेटवेला एलिफंटाच्या लाँची लागतात. भाऊच्या धक्क्यावर मांडव्याची रो-रो लागते. आणि मोठी क्रूझ जहाजं बॅलार्ड पिअरला लागतात. भाऊचा धक्का आणि बॅलार्ड पिअर दोन्ही पी. डी’मेलो रोडच्या बाजूलाच आहेत, पण सामान घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे पायी जाण्याइतके जवळ नाहीत.

आता पर्याय. गाडीने जायचं तर पश्चिमेकडून सी लिंकमार्गे जाता येतं किंवा पूर्वेकडून फ्रीवेने. बॅलार्ड पिअरसाठी मला पूर्वेचा रस्ता सरळ वाटतो. ईस्टर्न फ्रीवे १६.८ किलोमीटरचा आहे आणि तो पी. डी’मेलो रोडलाच उतरतो. तिथून बंदर जवळ आहे. मात्र विमानतळापासून फ्रीवेपर्यंत पोहोचण्यातच अर्धा जीव जातो. रिक्षाचा विचार करू नका. फ्रीवेवर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे, आणि शीव-वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा जातच नाही. बाहेरगावच्या माणसाला हे ठाऊक नसतं आणि तो उपनगरातल्या रिक्षावाल्याशी उगाच वाद घालत बसतो.

दुसरा पर्याय मेट्रो ३. टी-टू स्टेशनला बसायचं, सीएसएमटीला उतरायचं. वर कितीही ट्रॅफिक असो, पाऊण तासाच्या आतबाहेर तुम्ही पोहोचता. या अख्ख्या मार्गाचं जास्तीत जास्त भाडं ७० रुपये आहे. तुमचं विमान दिवसा उतरत असेल, बॅग एकच असेल आणि पाय धड असतील, तर याहून चांगला मार्ग नाही. रात्री उशिरा उतरणाऱ्याला मात्र मेट्रो मिळत नाही.

तिसरा मार्ग आमच्या घाटकोपरवरून जातो. टी-टूहून मेट्रो ३ ने एकच स्टेशन पुढे मरोळ नाका, तिथे मेट्रो १ धरून साकीनाका, असल्फा, जागृतीनगर आणि घाटकोपर. २०१४ पासून ही मेट्रो आमची जीवनवाहिनी झाली आहे. घाटकोपरहून फास्ट लोकल अर्ध्या तासात सीएसएमटीला सोडते. सगळ्यात स्वस्त मार्ग हाच. पण सकाळी आठ ते अकरा घाटकोपरच्या पुलावर सुटकेस घेऊन चढण्याचा विचार कुणी करू नये. त्या वेळी तिथे माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी त्याला चालवते. दुपारी बारानंतर किंवा रविवारी हाच मार्ग निवांत असतो.

माझी खाला आणि खालू नागपूरहून आले, तेव्हा मी त्यांना आदल्या दिवशीच यायला सांगितलं होतं. त्याच दिवशीच्या विमानाने येऊन जहाज पकडणं म्हणजे जुगार. विमान दोन तास उशिरा आलं तर दुसरं मिळतं, जहाज थांबत नाही. रात्री ते आमच्याकडे राहिले. खालाचे गुडघे दुखतात, बरोबर तीन बॅगा, त्यातल्या एकीत निव्वळ नागपुरी चिवडा आणि संत्रा बर्फी. ‘बेटा, लोकलने जाऊ ना, मला सीएसटी बघायचंय,’ असं ती म्हणत होती. मी गाडीच केली आणि छेडानगरकडून फ्रीवेला लागलो. तिच्यासाठी तेच योग्य होतं.

पण त्याच बंदरात कामाला जाणारा एक मुलगा आमच्या गल्लीत राहतो. हॉटेल मॅनेजमेंट करून जहाजाच्या किचनमध्ये लागला. वडील साकीनाक्याला जरीकामाच्या कारखान्यात. तो घाटकोपरहून लोकलने सीएसएमटीला जातो. पुढे जीपीओ ओलांडून वालचंद हिराचंद मार्गाने पाठीवर एक आणि हातात एक बॅग घेऊन चालत सुटतो. त्याला मी विचारलं, टॅक्सी का करत नाहीस? तो म्हणाला, ‘चाचा, जवळचं भाडं कुणी घेत नाही, आणि घेतलं तर मागेल ते द्यावं लागतं.’ सीएसएमटी ते बॅलार्ड पिअर जेमतेम दीड किलोमीटर. टॅक्सीवाल्याला ते फार कमी, सामान उचलणाऱ्याला फार जास्त. विमानतळापासून इथवर रुळांवरून माणूस आरामात येतो आणि नेमका इथे अडकतो. मग पुढच्या वेळी तो आणि त्याचं ऐकणारे दहाजण विमानतळावरूनच गाडी करतात.

मी हा रस्ता चालून पाहिला. मेट्रोच्या सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडताना क्रूझ टर्मिनलकडे बाण दाखवणारी पाटी मला दिसली नाही. जहाजांच्या वेळा धरून सुटणारी बसही दिसली नाही. फुटपाथ कुठे आहे, कुठे खोदलेला, आणि चाकांच्या बॅगेला पेव्हर ब्लॉक कसे छळतात ते सांगायला नको.

जुन्या काळात हे असं नव्हतं, हे समजल्यावर अधिक वाईट वाटतं. बॅलार्ड पिअरला स्वतःचं रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल. विलायतेची मेल बोट धक्क्याला लागायची आणि प्रवासी तिथूनच गाडीत बसायचे. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात याच स्टेशनातून पेशावरला निघायची. अर्थात ती सोय साहेबासाठी होती. बोटीच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या खलाशासाठी नव्हती, आणि त्या खलाशांत आपले कोकणातले किती जण होते हे रत्नागिरी-रायगडच्या घराघरांत विचारा. पण बोट आणि रेल्वे एकमेकांना जोडायची असतात, एवढी अक्कल त्या व्यवस्थेला होती. चाळीसच्या दशकात ते स्टेशन बंद पडलं.

आपल्या लोकांसाठी ही सोय दुसऱ्यांनी केली. १९९५ पर्यंत मुंबईहून हजला जहाजं जात होती. माझगावच्या यलो गेटचं नाव आजही जुन्या हाजींच्या तोंडी आहे. बिहारपासून मराठवाड्यापर्यंतची माणसं रेल्वेने बोरीबंदरला उतरायची. आयुष्यात पहिल्यांदा मुंबई पाहणारी, डोक्यावर पेटी, हातात लोटा. त्यांच्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना उभा राहिला. एका दानशूर माणसाच्या पैशातून झालेली ती जागा स्टेशन आणि बंदर यांच्या मधोमध होती. नेमकी तिथेच, जिथे प्रवासी एकटा पडतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. क्रूझला जाणारे पैसेवाले, त्यांची कसली काळजी? आधी त्यांच्यासाठी बस, मग शिवाजीनगर-गोवंडीच्या बसरांगेचं काय? प्रश्न रास्त आहे. बेस्टच्या बसगाड्या कमी होत चालल्यात आणि त्याचा फटका गरिबालाच बसतो. पण मी वेगळी आलिशान सेवा मागत नाहीये. त्या बंदरात पर्यटकांपेक्षा रोज राबणारी माणसं आहेत. जहाजावरचे खानसामे, सफाई कामगार, सामान चढवणारे, सुरक्षारक्षक. सीएसएमटीहून त्या बाजूला नेमाने सुटणारी छोटी बस असली तर खालाही बसेल आणि आमच्या गल्लीतला मुलगाही. शिवाय, जकात कुणाला द्यावी हे सांगताना कुरआनने मुसाफिराचा वेगळा उल्लेख केला आहे. उलेमा त्याचा अर्थ असा लावतात की घरी खाऊनपिऊन सुखी असलेला माणूसही वाटेत अडला तर मदतीचा हकदार असतो. क्रूझच्या प्रवाशाला कुणी जकात देणार नाही, आणि देऊही नये. पण अडलेल्याचा खिसा आधी तपासायचा नसतो, हा विचार शहर चालवणाऱ्यांनी घेण्यासारखा आहे.

माझ्या मागण्या लहान आहेत. मेट्रोच्या सीएसएमटी आणि टी-टू या दोन्ही स्टेशनांत क्रूझ टर्मिनलच्या पाट्या लावा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. जहाज लागण्या-सुटण्याच्या दिवशी सीएसएमटी ते बॅलार्ड पिअर छोटी बस फिरवा. तिथे ठरलेल्या भाड्याचा टॅक्सी स्टँड ठेवा, म्हणजे जवळचं भाडं कुणी नाकारणार नाही. आणि तो दीड किलोमीटरचा फुटपाथ एकदा सलग करा. यातल्या कशालाही नवा बोगदा लागत नाही, हजारो कोटी लागत नाहीत. बंदर प्राधिकरण, मेट्रो, बेस्ट आणि महापालिका या चौघांनी एका टेबलाशी बसावं लागेल, आणि आपल्याकडे बहुधा तेच सगळ्यात अवघड असतं.

तोवर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक फोनला मी आधी तीन प्रश्न विचारतो : किती वाजता उतरताय, बॅगा किती, आणि बरोबर कोण आहे? रात्रीचं विमान, म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर गाडी, शक्यतो फ्रीवेने. दिवसाचं विमान आणि एक बॅग असेल तर मेट्रो ३. वेळ हाताशी असेल, पैसे वाचवायचे असतील तर घाटकोपर. जहाज शुक्रवारी असेल तर जुम्म्याच्या वेळी क्रॉफर्ड मार्केटची बाजू टाळा, नाहीतर जामा मस्जिदच्या गर्दीत टॅक्सी हलणार नाही. आणि कसंही या, एक दिवस आधी या. राहायला आमचं घर आहे.