आधी हत्यार, मग जोर

आमच्या शाळेच्या एमटी शेडमध्ये एक जुनी जिप्सी आहे. गेल्या वर्षी तिच्या मागच्या डाव्या चाकाचं ऑइल सील गेलं आणि ऑइल ब्रेक शूवर झिरपू लागलं. सील बदलायचं तर एक्सल शाफ्ट बाहेर काढावा लागतो. उस्तादजींनी हॉबी क्लबच्या आम्हा चौघांना चाक आणि ड्रम काढायला सांगितलं. आम्ही बेअरिंगच्या प्लेटचे नटही काढले, पण शाफ्ट हलेना. बेअरिंग गंजून हाउसिंगमध्ये घट्ट बसलं होतं.

उस्तादजी स्टोअरमध्ये गेले होते. मी हातोडा उचलला आणि फ्लँजच्या कडेवर हाणायला लागलो. तिसरा घाव निसटला आणि चाकाच्या एका स्टडवर बसला. आटे चेपले. आता त्यावर नट चढेना.

उस्तादजी रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की एक नट कमी असलेलं चाक लावून या गाडीतून सहावीच्या मुलांना पाठवशील का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी बेअरिंगच्या कडेने गंज सोडवणारं तेल सोडलं आणि रात्रभर थांबायला सांगितलं. सकाळी स्लाइड हॅमर आणला. म्हणजे एक लांब दांडा, त्यावर मागेपुढे सरकणारं वजन आणि शेवटी अडसर. दांडा चाकाच्या स्टडना पक्का बसवायचा आणि वजन जोरात आपल्याकडे ओढायचं. ते अडसरावर आदळलं की शाफ्टला सरळ बाहेरच्या दिशेने झटका बसतो. पाचव्या झटक्याला शाफ्ट हातात आला. माझ्या घावांत जोर कमी नव्हता, पण त्यांची दिशा चुकीची होती.

ट्रकचा मागचा एक्सल वेगळा असतो. बऱ्याच ट्रकमध्ये वजन हाउसिंग पेलतं आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो. म्हणून चाक न काढताही तो बाहेर येतो. त्याच्या फ्लँजला अनेकदा दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून आलटून पालटून थोडे थोडे आवळले, की फ्लँज हबपासून सारखा सुटत जातो. एकच बोल्ट आवळत राहिलं तर फ्लँज तिरका होऊन आणखी अडकतो.

मित्रांनो, आपल्या शाळेत ‘जोर लगाओ’ हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. रस्सीखेचीत तो बरोबर आहे. पण अडकलेल्या प्रत्येक गोष्टीला तोच उपाय, ही सवय आपल्याला लागली आहे, असं माझं मत आहे. हातोडा उचलणं मला धाडसाचं वाटलं होतं. खरं म्हणजे ती घाई होती.

काही मित्र म्हणतात, सीमेवर स्लाइड हॅमर कुठून मिळणार? प्रश्न योग्य आहे. उस्तादजींनी त्याचंही उत्तर दाखवलं. ब्रेक ड्रम उलटा करून स्टडवर सैल बसवायचा, नट टोकाशी थोडेच फिरवायचे आणि ड्रम दोन्ही हातांनी बाहेर हिसकायचा. तोच सरळ झटका बसतो. ड्रमला इजा होऊ शकते, म्हणून हा शेवटचा उपाय. पण हे ज्याला सुचलं, त्याला आधी स्लाइड हॅमर समजला असणार. न समजता केलेला जुगाड म्हणजे माझा हातोडा.

भारतीय सैन्याची ईएमई कोअर १९४३ साली उभी राहिली. गाड्या आणि शस्त्रं दुरुस्त ठेवणं हे तिचं काम. तिचं ब्रीद आहे ‘कर्म ही धर्म’. आपल्यातले बरेच जण अधिकारी होतील आणि या कारागिरांच्या कामावर विसंबून जवानांना पुढे पाठवतील. ते काम एकदाही हातांनी न करता आपण त्यांना हुकूम कसा देणार?

म्हणून माझी विनंती आहे, की नववी-दहावीच्या प्रत्येक कॅडेटला महिन्यातून एक शनिवार एमटी शेडमध्ये मिळावा. आजही तो फक्त क्लबच्या मुलांना मिळतो. पालकांना काळजी वाटेल. पण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, आधी स्टँड लावायचा आणि डोळ्यांवर चष्मा घालायचा, हे नियमही तिथेच शिकवतात.

तो स्टड मी उस्तादजींच्या देखरेखीखाली स्वतः बदलला. चेपलेला स्टड माझ्या लॉकरमध्ये आहे. हात शिवशिवले की तो काढून बघतो.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी