आत्ययिक आहार : पथ्यपत्रकातील एक राहून गेलेली ओळ



दि. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर सहसा विसरणार नाहीत. मध्यरात्रीनंतर अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नागनदीचे पाणी अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा सुखवस्तू वस्त्यांतील निद्रिस्त घरांत शिरले. लोकांना बाहेर काढण्यासाठी आपत्ती प्रतिसाद दलांबरोबर लष्करालाही पाचारण करावे लागले. काही जणांना प्राणास मुकावे लागले. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचे पूजन झाले होते. घरोघरी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या असा साग्रसंगीत स्वयंपाक झालेला होता. सकाळी त्याच घरांत ओटा पाण्याखाली होता, सिलिंडर तरंगत होते आणि कोरडे असे मूठभर धान्यही हाती लागत नव्हते.

पाणी ओसरल्यावर प्रस्तुत लेखक आपल्या एका वृद्ध रुग्णाच्या घरी गेला. हे गृहस्थ अनेक वर्षांचे मधुमेही. तळमजल्यावरील घर सोडून ते सपत्नीक शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर आश्रयास गेले होते. खिशातील गोळी त्यांनी सवयीने वेळेवर घेतली, मात्र त्यावर खावयास काही मिळाले नाही. दोन तासांनी अंगाला दरदरून घाम, कंप आणि भ्रम. शेजारच्या बाईंनी प्रसंगावधान राखून गुळाचे पाणी पाजले म्हणून निभावले. त्यांच्या पत्नी मला शांतपणे एवढेच म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, तुमच्या पथ्याच्या कागदात सगळं आहे, पण घरात चूल पेटली नाही तर काय खायचं, ते नाही.”

हा आक्षेप मला निरुत्तर करून गेला. वीस वर्षे मी पथ्यापथ्याचे कागद लिहीत आहे. काय खाऊ नये याची यादी लांबलचक असते. ताजे, उष्ण, स्निग्ध अन्न घ्यावे, हेही असते. परंतु ते मिळणारच नाही अशा दोन-तीन दिवसांचा विचार त्यात कधी आला नाही. आपणा बहुतेकांची स्थिती याहून निराळी नसावी, असे नम्रपणे वाटते.

वस्तुतः हा विचार आपल्या शास्त्राला परका नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी अभ्यासला आहे. ग्रीष्म सरत असताना गंगातीरी विहार करणारे भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात, की विकृतीची चिन्हे दिसू लागली आहेत, तेव्हा भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. संकट आल्यावर केलेला संग्रह निर्वीर्य ठरतो, हा त्यातील मथितार्थ. औषधाला जो न्याय, तोच आहाराला का नसावा?

येथे एक शंका उपस्थित केली जाते, की आयुर्वेद ताज्या अन्नाचा पुरस्कर्ता असताना साठवणीचा उपदेश वैद्याने कसा करावा? ही शंका पर्युषित अन्न आणि संगृहीत धान्य यांची गल्लत करते. शिळा भात निराळा आणि वर्षभर नीट राखलेला तांदूळ निराळा. नवे धान्य गुरू, एक वर्ष उलटलेले धान्य प्रशस्त आणि अतिजुने रूक्ष, हे अन्नपानविधीत स्पष्ट आहे. त्याहून बोलकी आहे ती मात्राशितीय अध्यायातील नित्यसेवनाच्या द्रव्यांची यादी : साठीसाळीचा तांदूळ, मूग, सैंधव, आमलकी, यव, तूप, मध. दूध, जांगल मांस व पावसाचे पाणी वगळल्यास उरलेली सर्व द्रव्ये कोठीत टिकणारी आहेत. उलटपक्षी शुष्क शाके व शुष्क मांस यांचा नित्य अभ्यास करू नये, असेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे आपत्कालासाठी निराळा आहार शोधण्याची गरज नाही. जे रोज खावे, तेच थोडे अधिक ठेवावे आणि क्रमाने वापरून पुन्हा भरावे. बाजारातील पाकीटबंद शेवया व बिस्किटांच्या राशी हा त्याला पर्याय नव्हे.

चार माणसांच्या कुटुंबास तीन दिवस पुरेल असा संग्रह मी आता रुग्णांना लिहून देतो. अग्नीची सोय असल्यास : जुना तांदूळ ३ किलो, मूगडाळ दीड किलो, तूप अर्धा किलो, सैंधव, जिरे, हळद, सुंठ. अग्नी नसल्यास : साळीच्या अथवा ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, १ किलो सातूचे पीठ, १ किलो गूळ, खजूर, मनुका. सातू पातळ कालवून घ्यावा. त्याचा गोळा पचण्यास जड होतो. पिण्याचे पाणी माणशी रोज किमान ३ लिटर धरावे. हे सर्व घट्ट झाकणाच्या डब्यांतून, जमिनीवर न ठेवता उंच फळीवर अथवा माळ्यावर ठेवावे. पुराच्या पाण्याने भिजलेले धान्य वाळवून वापरण्याचा मोह निक्षून टाळावा.

व्यक्तिभेदाने यात बदल करणे हे वैद्याचेच काम. मधुमेही व्यक्तीने फुटाणे व सातू यांवर भर द्यावा. गूळ मात्र रक्तशर्करा घटल्यास तातडीचा उपाय म्हणून जवळ असावा. आहार नसताना कोणते औषध घ्यावे, कोणते थांबवावे, हे त्याला लिहून दिलेले असावे आणि तो आधुनिक औषधे घेत असेल तर ती देणाऱ्या चिकित्सकाच्या सल्ल्यानेच ते ठरवावे. रक्तदाब, वृक्कविकार असलेल्यांनी ‘सैंधव आहे’ म्हणून मीठ सढळ वापरू नये. एक वर्षाखालील बालकास मध चाटवू नये. पुरानंतर अतिसार बळावतो, तेव्हा लाजमंड व पेया यांचे मोल आपण जाणतोच. तथापि जलसंजीवनीची पाकिटेही त्याच डब्यात असावीत आणि ग्लानी आलेल्या बालकास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

आता औषधविक्रेत्या मित्रांसाठी दोन शब्द, थोडे कटू. वैशाखात वर्षाचे धान्य भरताना आपल्या दुकानांतून बोरिक पावडर तांदळाला लावण्यासाठी नेली जाते, पाऱ्याच्या गोळ्या गव्हात ठेवण्यासाठी नेल्या जातात. बोरिक हे खाद्यद्रव्य नव्हे. ते लहान मुलांच्या पोटात वारंवार जाणे धोक्याचे आहे. अशोधित पारदाविषयी तर रसशास्त्र शिकलेल्यास सांगावयास नको. आपण शोधन-मारणाचा आग्रह धरावा आणि आपल्याच दुकानातून तोच पारद धान्यात जावा, ही विसंगती आपणच दूर केली पाहिजे. काही जण शेतीसाठीच्या सेल्फॉसच्या गोळ्या घरातील कोठीत टाकतात. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो. धान्याला कडक ऊन देणे, पूर्ण निवल्यावर भरणे, डाळींना एरंडेल चोळणे, वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांत घालणे, हे आपल्या आजीच्या हातचे उपाय पुरेसे आहेत. बिब्बे ठेवायचेच तर अखंड ठेवावेत, कारण फुटलेल्या बिब्ब्याचे तेल किती उततो हे आपण जाणतो. गिऱ्हाइकाने बोरिक मागितल्यास ‘धान्याला लावू नका’ हे एक वाक्य सांगावे. चार पैशांची विक्री बुडाली तरी विश्वास वाढेल.

याच संदर्भात मार्च २०२० ची टाळेबंदी आठवते. किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या, तशा आपल्या दुकानांपुढेही काढ्यांसाठी लागल्या. त्या गर्दीचा लाभ काहींनी उठविला, हे मान्य केले पाहिजे. उद्या ‘आपत्कालीन आयुर्वेदिक आहार संच’ अशी वेष्टने चौपट किमतीने विकली जाऊ नयेत. तीन दिवसांचा संग्रह सावकाश, महिन्या दोन महिन्यांत, थोडाथोडा होतो. संकटाच्या आदल्या दिवशी पोतीच्या पोती उचलणे ही साठेबाजी होय, तिने शेजाऱ्याचा घास हिरावला जातो.

आणि ज्यांच्या घरात माळाच नाही, त्यांचे काय? नागनदी व पिवळी नदीच्या काठच्या झोपड्यांतून रोजमजुरीवर जगणाऱ्यास तीन दिवसांचे धान्य ठेवा असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. मार्च २०२५ मध्ये शहराच्या काही भागांत संचारबंदी असताना हातावर पोट असणाऱ्यांचेच सर्वाधिक हाल झाले. अशा वस्त्यांलगतच्या प्रत्येक सभासदाने आपल्या चिकित्सालयात लाह्या, मूगडाळ, गूळ व जलसंजीवनी यांचा छोटा साठा ठेवावा आणि त्याची जबाबदारी संघटनेने विभागवार वाटून द्यावी, अशी माझी सूचना आहे. मृग नक्षत्रापूर्वी साठा तपासावा, जुने वापरून नवे भरावे. खर्च फार नाही.

त्या वृद्ध गृहस्थांच्या नव्या पथ्यपत्रकाच्या शेवटी मी आता एक ओळ लिहिली आहे : “माळ्यावरचा डबा दर तीन महिन्यांनी उघडून पाहावा.” आपणही आपल्या पत्रकात ती घालावी, एवढीच नम्र विनंती.